आठ दिवसांत सुतासारखं सरळ

माझ्या सासूबाईंना राग येतो हे मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं. तोवर मला वाटायचं की या बाईच्या अंगात रागाची जागाच देवाने कोरी सोडली असावी. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. माणसाच्या आत काय काय साठतं आणि वरून त्याचा पत्ता लागत नाही, हे रोज बाटल्यांत भरून बघते. तरी घरातल्या बाईच्या बाबतीत मी चकले.

आमच्या भागात त्यांना सगळे पाळणाघरवाल्या काकू म्हणतात. बावीस वर्षं त्यांनी पुढच्या खोलीत पाळणाघर चालवलं. एका वेळी बाराच मुलं, तेरावं घ्यायचं नाही. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर बारा खुंट्या अजून आहेत. प्रत्येक खुंटीवर एकेक चित्र चिकटवलेलं, कारण ज्याला अक्षर येत नाही त्यालाही आपली पिशवी आपण अडकवता आली पाहिजे. चावणारी मुलं, ओरबाडणारी मुलं, दिवसभर आईच्या नावाने गळा काढणारी मुलं, सगळी त्यांच्या हाताखालून गेली. बोट लावणं सोडाच, कोणावर आवाजसुद्धा चढवायचा नाही असा नियम. एका मदतनीस बाईने एकदा एका मुलाला गुपचूप चिमटा काढला. सासूबाईंनी तिला दुपारच्या जेवणाआधी घरी पाठवलं ते कायमचं. कोणी आईबाप म्हणाले, काकू, द्या एक ठेवून, आमची परवानगी आहे, तर त्या शांतपणे म्हणायच्या की मग दुसरं पाळणाघर बघा.

आणि सासरे? ते पंप बनवणाऱ्या कारखान्यात फोरमन होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी गल्ली त्यांना फोरमनच म्हणते आणि मनातल्या मनात मीही तेच म्हणते. राग त्यांच्या नाकावर नव्हता, तो चोवीस तास ड्यूटीवर होता. माप एका सुताने चुकलं तर ते तो भाग उचलून कुंपणाबाहेर भिरकावून द्यायचे म्हणे. ही गोष्ट ते स्वतःच कौतुकाने सांगत. आता मागच्या पडवीत त्यांनी छोटं वर्कशॉप थाटलंय. किल्ल्या बनवतात, पाती घासून देतात. कानशी, हातोड्या, स्टीलची फूटपट्टी, सगळं भिंतीवर आपापल्या जागी. जागा हलली की घरात आकाशपाताळ एक.

पाळणाघरातलं शेवटचं मूल साडेसहाला घरी जायचं आणि फोरमन सातला यायचे. म्हणजे एकाच घरात दिवसा एक राज्य आणि संध्याकाळी दुसरं. या दोन्ही राज्यांत राहिलेलं मूल एकच होतं, ते म्हणजे माझा नवरा. पण हे गणित मी तेव्हा मांडलं नव्हतं.

गुडघे बोलायला लागले तेव्हा सासूबाईंनी पाळणाघर बंद केलं. चार वर्षं घर गप्प होतं. मग एक दिवस त्यांच्या पाळणाघरातली एक जुनी मुलगी आली. आता ती चांगली बँकेत अधिकारी आहे, पण सासूबाईंसमोर अजून जमिनीवरच बसते. तिच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली होती, चार गेली, एक उरलं होतं. तपकिरी, ढेरपोटं, एक कान उभा आणि एक पडलेला. टोपलीतून बाहेर काढल्याबरोबर त्याने सासूबाईंच्या गाऊनची झालर तोंडात धरली आणि मागे मागे खेचत स्वतःच उलटं पडलं. सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या, "ठोंब्या आहे अगदी. राहू दे." कोणाला विचारलं नाही. त्या घरात त्यांनी कोणालाही न विचारता केलेली ही पहिलीच गोष्ट असावी.

फोरमन पडवीतून आले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पिल्लाकडे असं पाहिलं, की जणू कोणीतरी नापास माल दारात आणून टाकलाय. मग म्हणाले, "ठीक आहे. आठ दिवसांत सुतासारखं सरळ करतो."

पहिल्या दिवशी ठोंब्याने चार ठिकाणी फरशी ओली केली. दुसऱ्या दिवशी माझ्या लॅबच्या चपलेचा पट्टा खाल्ला. दिसेल त्या पायाचा घोटा धरायचा, सोडवायला गेलं की हात धरायचा, आणि दात असे की सुयांची पुडी. एकटं ठेवलं की असा गळा काढायचा, की समोरच्या घरातून विचारणा यायची. पिल्लूच ते. सासूबाईंना यात नवीन काही नव्हतं. झोपून उठलं की बाहेर, खाल्लं की बाहेर, खेळ संपला की बाहेर, असा त्यांनी क्रम लावला. अंगणातल्या झाडाखाली एकच जागा ठरवली आणि तिथे त्याने काम उरकलं, की त्याच क्षणी हातावर उकडलेल्या अंड्याचा कण. घरात झालं तर न बोलता पुसायचं. घोटा धरला की त्या ओरडायच्या नाहीत, पाय झटकायच्या नाहीत, फक्त त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. खेळच थांबला की ठोंब्या गोंधळून खाली बसायचा. मग त्याला ओल्या फडक्याची गाठ मिळायची, हवी तेवढी चाव. मला म्हणाल्या, "दात शिवशिवतात गं त्याचे. चावू नको एवढंच सांगून चालत नाही, काय चावायचं तेही सांगावं लागतं."

दर दोन तासांनी त्या गुडघे धरत अंगणात उतरायच्या. मी त्यांना म्हटलं, आई, पायऱ्यांनी तुमचे हाल होतील. त्या म्हणाल्या की बारा जणांना वळण लागलं, हा तर एकच आहे.

पण वळण लावणारा घरात आणखी एक जण होता. फोरमननी वर्तमानपत्राची गुंडाळी करून ठेवली होती. फरशी ओली दिसली, की ठोंब्याची मानगूट धरून त्याचं नाक त्या ओल्यात घासायचं, वर गुंडाळीचे दोन फटके आणि मग अडगळीच्या खोलीत कोंडायचं. झालेल्या गोष्टीला अर्धा तास उलटून गेलेला असायचा आणि बिचारं झोपेतून उठवलं जायचं. सासूबाई तेवढ्यात स्वयंपाकघरात जायच्या, ओट्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि आधीच स्वच्छ असलेला ओटा पुसत बसायच्या. माझी तळपायाची आग मस्तकाला जायची. मी नवऱ्याला म्हटलं, तू बोल, तुझे वडील आहेत. त्याने आपलं ताट उचललं आणि तो गच्चीवर गेला. नेहमीचंच होतं ते. खाली आवाज चढला की हा वर. सहा वर्षं मी त्याला मनात भित्रा म्हणत आले होते, त्या दिवशी तोंडावर म्हटलं.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. सुतासारखं सरळ होण्याऐवजी सगळं वाकडंच होत गेलं. बाकी सगळ्यांसमोर ठोंब्या सुधारला होता, पण फोरमन खोलीत आले की जिथे असेल तिथे अंग चोरून, पोट जमिनीला टेकवून तो मुतायचा. फोरमन जवळ येतील तसा जास्त. त्यांना वाटायचं की हे मुद्दाम चाललंय. माझ्या डोळ्यांत बघून करतं, म्हणायचे, माज आलाय. मग आणखी फटके, मग आणखी मुतणं. शिवाय ठोंब्या आता शी करायला कपाटामागे लपू लागला. कपाट हलवून तिथे साफ करताना सासूबाई पहिल्यांदा पुटपुटल्या. मला म्हणाल्या, की घरात करू नये हे तो शिकलाच नाही, यांना दिसेल असं करू नये एवढं मात्र शिकला.

लस द्यायला आम्ही दोघी त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. टेबलावर ठोंब्या शहाण्यासारखा उभा होता. सुई टोचली तरी हलला नाही. तेवढ्यात बाहेरच्या बाकावरचा एक माणूस फोनवर कोणावर तरी ओरडला आणि ठोंब्याने टेबलावर धार सोडली. डॉक्टरीणबाईंनी फडकं घेतलं, पुसता पुसता विचारलं, घरात कोणी ओरडतं का याच्यावर? सासूबाईंनी ठोंब्याला जवळ ओढलं. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. एवढंच सांगितलं, की हा हट्ट नाही आणि खोडही नाही. लहान पिल्लू मोठ्या जनावरापुढे असंच करतं, मी लहान आहे, मला मारू नका असं ते सांगत असतं. त्यावर मारलं तर ते बिचारं तेच पुन्हा जास्त जोरात सांगणार, कारण त्याच्याजवळ दुसरे शब्द नाहीत.

घरी येताना सासूबाई ठोंब्याला छातीशी धरून चालत होत्या. मग कोपऱ्यावर थांबून म्हणाल्या, "म्हणजे आम्ही दोघंही तेच करत होतो. आमचं फरशीवर दिसलं नाही एवढंच." मग दोन पावलं पुढे गेल्यावर, मला नव्हे, स्वतःलाच म्हणाल्या, "नाही. त्याचं दिसायचं. गादीवर."

मला काही उमगलं नाही. संध्याकाळी मी गच्चीवर गेले आणि नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचं आणि आईंचं, दोन्ही. तो कठड्याला टेकून उभा होता. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, सांगायला नको होतं. मग तो बोलला. नऊ वर्षांचा होईपर्यंत तो गादी ओली करायचा. फोरमन सकाळी उठून आधी ती गादी हाताने चाचपायचे. ओली लागली की स्टीलची फूटपट्टी. तळहातावर, पोटऱ्यांवर. नंतर ती चादर खांद्यावर घेऊन अंगणात उभं राहायचं, पाळणाघराची पहिली मुलं येईपर्यंत. कधी कधी आई पहाटेच उठून चादर बदलायची आणि ओली चादर इस्त्रीने वाळवायची. त्या वाफेचा वास त्याला अजून येतो म्हणाला. इस्त्री तो कधीच करत नाही, आमच्याकडे मीच करते. मी त्याला आळशी म्हणत असे.

"म्हणून तू मूल नको म्हणतोस," मी म्हटलं.

"या घरात नको," तो म्हणाला.

मी खाली आले ती दातओठ खात. कोणावर जास्त चिडावं तेच कळेना. फोरमनवर, की ओटा पुसत बसणाऱ्या बाईवर, की त्याच्यावर, ज्याने सहा वर्षं मला हे कळू दिलं नाही, की माझ्यावर, जी त्याला भित्रा म्हणत आली.

स्फोट झाला तो रविवारी, भर सकाळी, सगळे घरात असताना. ठोंब्या पडवीच्या दारात झोपला होता. फोरमन बाहेर यायला लागले, तो दचकला, आणि व्हायचं तेच झालं. पाणी वाहत जाऊन जमिनीवर काढून ठेवलेल्या कानशींपर्यंत पोचलं. फोरमननी त्याला मानेला धरून उचललं आणि नाक फरशीवर दाबलं. या वेळी ठोंब्या वळला आणि त्याने त्यांचा अंगठा फोडला. एवढंसं रक्त आलं. फोरमननी त्याला सोडलं, भिंतीकडे वळले आणि स्टीलची फूटपट्टी काढली.

सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. पट्टी खिळ्यावरून निघताना होतो तो आवाज अगदी बारीक असतो, मला तो ऐकूही आला नव्हता. त्यांना आला. त्यांच्या हातातलं भांडं खाली पडलं. त्या गुडघ्यांनी पडवीपर्यंत इतक्या वेगात कशा पोचल्या मला माहीत नाही. त्या मध्ये उभ्या राहिल्या आणि त्यांनी पट्टीचं दुसरं टोक धरलं. फोरमननी ओढलं. त्यांनी सोडलं नाही. पट्टीच्या धारेने त्यांचा तळवा कापला असेल, पण त्या बघत होत्या फोरमनच्या तोंडाकडे.

"सोडा," त्या म्हणाल्या. आवाज वाढला नव्हता. पाळणाघरात बोलायच्या तोच आवाज, पण त्यात आता खाली काहीतरी धगधगत होतं. "मी स्वयंपाकघरात होते. दर वेळी मी स्वयंपाकघरातच होते आणि मला सगळं ऐकू यायचं. एक, दोन, तीन, मी मोजायची. सात झाले की तुम्ही थांबायचात. लोकांच्या पोरांना मी बोट लावू दिलं नाही आणि माझ्या पोराचे मी फटके मोजले. आज मोजणार नाही."

फोरमन म्हणाले, की कुत्र्याने चावा घेतलाय मला, रक्त काढलंय.

"काढणारच. मुतून सांगितलं, लपून सांगितलं, तुम्हाला कळलं नाही. आता त्याच्याजवळ दातच उरले होते. त्याला शिकवायचं माझ्यावर सोडा. तुम्हाला कोण शिकवणार ते सांगा."

मी मागे वळून पाहिलं तर नवरा जिन्याच्या पायरीशी उभा होता. गच्चीकडे निघालेला, तसाच थांबलेला. सासूबाईंनी त्याला पाहिलं. बोलता बोलता त्यांचा आवाज तिथे फाटला, पण त्या रडल्या नाहीत. रागाने माणसाचे डोळे असे कोरडे होतात, हे मी तेव्हा पाहिलं. त्या त्याला म्हणाल्या, की तू नऊ वर्षांचा होतास आणि मी चाळिशीची. तुझी काही चूक नव्हती. माझी होती.

फोरमननी पट्टी सोडली. पण हार मानणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी छाती पुढे काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की या घरात एक तर हे कुत्रं राहील नाही तर मी.

"कुत्रं," सासूबाई म्हणाल्या. विचार करायलाही वेळ घेतला नाही.

मी फोरमनना दवाखान्यात नेऊन इंजेक्शन देऊन आणलं. घरी आल्यावर त्यांनी पिशवी भरली आणि ते आपल्या धाकट्या बहिणीकडे निघून गेले. जाताना फाटकापाशी दोन मिनिटं उभे राहिले. कोणी थांबवेल असं त्यांना वाटलं असावं. कोणी हललं नाही.

त्या संध्याकाळी सासूबाई हाताला पट्टी बांधून ओट्याशी बसल्या होत्या. माझा राग अजून धुमसत होता आणि तो त्यांच्यावरही होता. मी सरळ विचारलं, "आई, तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

त्यांनी टाळलं नाही. म्हणाल्या, "भीती वाटायची. आणि साडेआठला बारा मुलं यायची. त्यांच्या आईबापांना घर शांत दिसायला हवं होतं." मग थोड्या वेळाने, "हे कारण नव्हे. तू विचारलंस म्हणून सांगितलं."

मी त्यांना माफ केलं का, कोणी विचारू नये. मी त्यांचा हात धुतला आणि पट्टी बदलली, एवढं खरं.

फोरमन गेले ते बारा दिवस. पहिले दोन दिवस घरात आम्ही दबक्या पावलांनीच वावरत होतो, सवयीने. तिसऱ्या दिवशी नवरा न्हाणीघरात शीळ घालत होता. मला आधी वाटलं शेजारी कोणी आहे. पाचव्या दिवसापासून ठोंब्याने घरात एकदाही फरशी ओली केली नाही. दाराशी जाऊन तो मान वाकडी करून बसायचा आणि कोणी लक्ष दिलं नाही तर एकदाच, सभ्यपणे, भुंकायचा. घोटे धरणं जवळजवळ थांबलं. चपला मात्र खायचा. त्याबाबतीत सासूबाईंचं म्हणणं होतं की चपला उचलून ठेवायचं वळण आधी आपल्याला लागायला हवं. मी तीन जोड गमावल्यावर मला लागलं.

तेराव्या दिवशी आत्याबाईंचा, म्हणजे फोरमनच्या बहिणीचा, फोन आला. त्या म्हणाल्या, वहिनी, याला घेऊन जा. माझ्या घरातल्या घड्याळापासून माझ्या जावयापर्यंत सगळ्यांची मापं काढून झाली. काल माझा नातू याला बघून कॉटखाली लपला. सासूबाईंनी शांतपणे सांगितलं, की न्यायला कोणी येणार नाही, पण त्यांना यायचं असेल तर येऊ देत, दार उघडं आहे. मात्र आधी काही गोष्टी ठरतील.

ते आले. पिशवी हातात धरून दारातच उभे. ठोंब्या त्यांना बघून पोटावर आला आणि फरशी ओली झाली. बारा दिवसांची मेहनत पाण्यात. त्यांचा हात सवयीने वर गेला, अर्ध्यात थांबला आणि त्यांनी तो मागे घेऊन पाठीशी धरला. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, उठल्या नाहीत. नव्या मुलाच्या आईबापांना पाळणाघराचे नियम सांगायच्या तसे त्यांनी फोरमनना नियम सांगितले. आत आल्यावर ठोंब्याकडे बघायचं नाही. अंगावर वाकायचं नाही. बाजूला तोंड करून त्या स्टुलावर बसायचं, हात खाली सोडायचा, तळव्यावर अंड्याचा कण. तो आला तर आला, नाही आला तर नाही. आवाज चढला तर त्या क्षणी उठून बाहेर जायचं. आणि हे घरातल्या सगळ्यांच्या बाबतीत.

"मी कुत्र्यासाठी स्टुलावर बसू?" फोरमन म्हणाले.

"नका बसू," सासूबाई म्हणाल्या. "परत येताय म्हणून आत्याबाईंना फोन करते."

बसले. तोंड असं, की एरंडेल प्यायला दिलंय. पहिले नऊ दिवस ठोंब्या त्यांच्या आसपास फिरकला नाही, आणि ते मात्र रोज संध्याकाळी पाऊण तास भिंतीकडे तोंड करून तळहातावर अंडं घेऊन बसायचे. मला दया आली नाही. खरं सांगायचं तर मी मुद्दाम चहाचा कप घेऊन समोर बसायची, बघायला. दहाव्या दिवशी ठोंब्या मान लांब करून, मागचे पाय पळायच्या तयारीत ठेवून आला आणि कण उचलून पळाला. फोरमननी हात तसाच ठेवला. बराच वेळ. मग हळूच तो पँटला पुसला.

नंतर सगळं गोड झालं असं मात्र नाही. ते जोरात शिंकले तरी ठोंब्या अजून कपाटामागे जातो. त्यांचा आवाज चढायचाही पूर्ण थांबलेला नाही. फरक एवढा, की चढला की सासूबाई नुसतं "बाहेर" म्हणतात आणि ते पुटपुटत अंगणात जाऊन उभे राहतात. फूटपट्टी सासूबाईंनी पुन्हा भिंतीवर लावू दिली नाही. त्यांनी ती भंगारवाल्याच्या हातात स्वतः दिली आणि तो गेल्यावर म्हणाल्या, तीस वर्षांपूर्वी द्यायला हवी होती.

माझ्या नवऱ्याची फोरमननी माफी मागितली नाही. एकदा मी पडवीत चहा द्यायला गेले तेव्हा किल्ली घासता घासता, मान वर न करता, त्यांनी मला विचारलं, की तुमच्या लॅबमध्ये वगैरे काही कळतं का, भीतीने मुलं खरंच गादी ओली करतात का. मी म्हटलं, त्याला लॅब कशाला लागते, करतात. त्यांनी किल्ली घासणं थांबवलं नाही, पण नंतर ती गिऱ्हाइकाच्या कुलपाला लागली नाही. पुन्हा बनवावी लागली. हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, बरं. त्याला एवढंच म्हणायचं होतं आणि तेवढं पुरेसं आहे असं मला वाटतं. आता तो खाली बसून जेवतो. वडिलांशी कामापुरतं बोलतो. ते त्याचं तो ठरवेल.

बदलल्या त्या सासूबाई. एकदा बांध फुटल्यावर त्यांचा राग आता लहानसहान गोष्टींवरही निघतो. दूधवाल्यावर, नळावर, रस्ता खोदून ठेवणाऱ्यांवर, माझ्यावरही. समोरच्या घरातल्या माणसाने त्याच्या मुलाचा कान पिरगाळलेला दिसला तर त्या फाटक उघडून, गुडघे धरत, रस्ता ओलांडून गेल्या आणि काय बोलल्या ते त्यालाच माहीत. तो आता त्यांना बघून दुसऱ्या बाजूने जातो. लोक म्हणतात, काकू उतारवयात चिडखोर झाल्या. होऊ देत.

परवा सकाळी फोरमननी साखळी हातात घेतली आणि नवऱ्याला विचारलं, येतोस का याला फिरवायला. विचारलं, सांगितलं नाही. नवरा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, तुम्ही जा. ते थोडे थांबले, मग एकटेच निघाले. ठोंब्या फाटकापर्यंत गेला, थांबला आणि मान वळवून सासूबाईंकडे बघत राहिला. त्या पायरीवर शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली आणि तो गेला. साखळी सैल ठेवून ते दोघं कोपऱ्यापर्यंत पोचले आणि वळले.

सासूबाईंनी शेंगांची टोपली बाजूला ठेवली.

"फाटक उघडं टाकून गेले बघ," त्या मला म्हणाल्या. "दहा वेळा सांगितलंय." आणि गुडघ्यावर हात टेकून, बडबडत, लावायला उठल्या.